डाव्या खिशातले हरभरे

आमच्या शिक्षकखोलीत ‘चहा थंड झालाय’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की कोपऱ्यातून लगेच आवाज यायचा, “कशावरून?” मग तो चहा नेहमीपेक्षा थंड की नुसता आजच्या हवेत थंड वाटतोय, आणि बाजूच्या कपातला कसा आहे, ही चौकशी सुरू व्हायची. चौकशी संपेपर्यंत चहा खरंच थंड व्हायचा आणि सर समाधानाने म्हणायचे, “आता म्हणा.”

मुलांनी त्यांचं नाव ‘कशावरून सर’ ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. एकसष्ट-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. मी नंदुरबारच्या त्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. सर गणित आणि शास्त्र शिकवायचे. शिक्षकाची बी.टी. पदवी घेताना त्यांना मानसशास्त्राने जे झपाटलं, ते झपाटलंच. अभ्यासक्रमात तो विषय नव्हता, म्हणून त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर दहावीच्या मुलांसाठी स्वतःचा एक तास काढला होता. फळ्यावर लिहायचे, ‘मनाचा तास’. खाली लिहायचे, ‘यायची सक्ती नाही, शंकांची सक्ती आहे’.

अंगात बंद गळ्याचा कोट, हातात तपकिरीची डबी आणि कोटाच्या डाव्या खिशात भाजलेले हरभरे. हे हरभरे खाण्यासाठी नव्हते, मोजण्यासाठी होते. एखादी गोष्ट किती वेळा घडते ते पाहायचं असलं की दर वेळी एक हरभरा डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. हेडमास्तर एका भाषणात ‘शिस्त’ हा शब्द किती वेळा म्हणतात, हे सरांनी असंच मोजलं होतं. पण निकाल कधीच कळला नाही, कारण भाषण लांबलं आणि भुकेच्या भरात सरांनी उजवा खिसा रिकामा केला. “माहिती खाल्ली गेली,” असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

सायकलवर असले की सम तारखेला घंटी वाजवायचे आणि विषम तारखेला ‘सरका’ म्हणून ओरडायचे. गुरं कशाने लवकर बाजूला होतात, ते त्यांना पाहायचं होतं. दोन महिन्यांनी निष्कर्ष निघाला की गुरं दोन्हींनी सरकत नाहीत. या निष्कर्षाचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आम्हाला पेढे दिले. घरी वहिनींचे मात्र हाल होते. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेले, तेव्हा वाढता वाढता त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, “बाई, भाजीत मीठ कमी वाटलं तरी बोलू नका हं. सुरुवात होईल.”

मी त्यांच्या शनिवारच्या तासाला जायला लागले ती थट्टा म्हणून. विसरवाडीच्या बाजारात एक जडीबुटीवाला स्मरणशक्तीच्या पुड्या विकायचा. सरांनी त्याला विचारलं होतं, “पुडी खाल्ली नसती तर काय झालं असतं?” तो म्हणाला, “आसं कोन पुसस, मास्तर? लेनं व्हई ते ल्या.” सरांनी दहा पुड्या घेतल्या. शनिवारी दहा मुलांना खरी पुडी आणि दहा मुलांना तशाच कागदात बाजरीचं भाजलेलं पीठ दिलं. ज्यांना पीठ मिळालं, त्या गटाला ते ‘साक्षीदार’ म्हणायचे. “औषधाबद्दल औषध खाणाऱ्याला विचारू नये,” ते म्हणाले, “न खाणाऱ्याला विचारावं. तो खरा साक्षीदार.” कुणाला काय मिळालं हे एकट्या धुडकू नानांना, म्हणजे आमच्या शिपायाला, माहीत होतं. वीस शब्द पाठ करून घेतले. साक्षीदार जिंकले. बाजरीच्या नावाने वर्गात एकच जयजयकार झाला.

“थांबा!” सर म्हणाले. “बाजरीने स्मरणशक्ती वाढते, कशावरून?”

तेवढ्यात दारातून नाना खाकरले. “सर, एक पोर शे ना, तिले पाठांतर जड जास. म्हनीसन मी तिले पिठनी जागावर खरी पुडी दिधी. आनि त्या उनाड, पन हुशार पोऱ्याले पीठ दिधं.”

दुसरा कुणी असता तर भडकला असता. सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी नानांचा हात धरून हलवला. “मुलांनो, आज नानांनी आपल्याला पुडीपेक्षा मोठी गोष्ट शिकवली. देणाऱ्यालाही माहीत नसावं, कोणाला काय देतोय ते. माणूस चांगला असला की जास्तच माहीत नसावं.” नाना लाजून पाणी आणायला गेले. हे वाक्य मी त्या दिवशी हसून सोडून दिलं. ते पुढे माझ्यावरच येणार होतं.

आता आमच्या शाळेची रचना सांगायला हवी. दहावीच्या दोन तुकड्या होत्या. ‘अ’ तुकडीत बहुतेक गावातली मुलं, तिचा वर्ग पुढे रस्त्याच्या बाजूला. ‘ब’ तुकडीत बहुतेक वसतिगृहातली, सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेली मुलं, तिचा वर्ग मागे पत्र्याच्या खोलीत. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या चाचण्यांत ‘ब’ तुकडी धाडकन खाली आली. पुढच्या वर्षी अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला, खोली एकच मिळणार होती. शाळा समितीने ठरवत आणलं होतं की ‘ब’ तुकडी बंद करावी आणि मुलांना दाखले देऊन घरी पाठवावं. निर्णय होळीच्या आधी व्हायचा होता.

मुलं दिवाळीला घरी गेली आणि सगळं विसरून आली, असं शिक्षकखोलीत पहिल्यांदा कोण म्हणालं? मी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“कशावरून?” कोपऱ्यातून आवाज आला.

“अहो सर, दिसतंय की!”

“दिसतंय ते खाली आलेलं. दिवाळी तुम्ही जोडलीत.”

मला राग आला. मी मराठी शिकवत होते, जोडाक्षरं माझी होती, मला हे काय शिकवणार!

दुसऱ्या दिवसापासून सर आपल्या मोकळ्या तासांना ‘ब’ तुकडीत मागच्या बाकावर जाऊन बसू लागले. काय मोजतात ते सांगेनात. आठवड्याने उजवा खिसा फुगवून माझ्याकडे आले. “बाई, ही मुलं तासाभरात कितीतरी वेळा डोळे पुसतात. माझा अंदाज असा की त्यांना घरची आठवण येते. बिचारी रडतात. चला, विचारू.”

वेस्ता नावाचा एक मुलगा होता, सातपुड्यातल्या काठी गावाच्या बाजूचा. घरची बोली वेगळी, पण इथे राहून अहिराणी शिकला होता. सरांनीही मग त्याच्याशी अहिराणीतच बोलायचा घाट घातला. प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “वेस्ता, घरनी याद येस का रे?”

वेस्ताने डोळे पुसले. “नही सर. मिर्ची येस.”

सर त्याच्याकडे बघतच राहिले. मग आम्ही दोघांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. कुंपणाला लागून मिरचीची पथारी होती, म्हणजे मिरच्या वाळत घालायचं मैदान. लाल ओल्या मिरच्यांचा गालिचा उन्हात पार टेकाडापर्यंत पसरलेला. कोरीट गावाकडून मिरचीच्या गाड्या येत होत्या, बायका फडक्याने नाक-तोंड बांधून मिरच्या उलथत होत्या आणि वारा होता तो सरळ पत्र्याच्या खोलीकडे.

ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. नंदुरबारात दिवाळीपासून शिमग्यापर्यंत अख्खं गाव शिंकतं आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. मी नवी आले तेव्हा पहिला हिवाळा रुमालात काढला होता. घरमालकीण म्हणाली होती, “व्हई जास सवय.” आणि झाली. दुसऱ्या वर्षी मला मिरची हवेत आहे हेही कळेनासं झालं. फक्त मागच्या खोलीतला तास मी पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासात उरकायची. घसा धरायचा. पण मनाशी म्हणायची, या मुलांना एवढंच झेपतं.

“अरे, मग बोलला का नाहीस?” मी वेस्ताला विचारलं.

“आम्हले वाटनं, शाळा आशीच ऱ्हास,” तो म्हणाला.

सर मात्र स्वतःवरच खूश होऊन कपाळाला हात लावत होते. त्यांनी तपकिरीची डबी माझ्यापुढे नाचवली. “वीस वर्षं ओढतोय! माझं नाक मेलंय बाई, डोळ्यांतही पाणी येत नाही! मिरची मोजायला बसलो आणि मलाच वास नाही!”

मला वाटलं, प्रश्न सुटला. मी म्हटलं, चला, समितीला सांगू. तर हे म्हणतात, “काय सांगणार? मिरचीमुळे गुण गेले, कशावरून?” आपल्या बाजूच्या गोष्टीलाही हा माणूस तोच प्रश्न विचारायचा, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले.

हेडमास्तर भले पण भित्रे. “सर, ही शाळा आहे, प्रयोगशाळा नाही,” ते म्हणाले.

“कशावरून?” सर म्हणाले. हेडमास्तर डोक्यावरची टोपी सारखी करायला लागले, आणि तीच परवानगी समजून आम्ही कामाला लागलो.

दोन्ही तुकड्यांतल्या सगळ्या मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या. हेडमास्तरांच्याच काळ्या टोपीत टाकल्या. नानांनी डोळे मिटून काढायच्या. पहिली चिठ्ठी पुढच्या खोलीत, दुसरी मागच्या, तिसरी पुढच्या. ‘अ’ची अर्धी मुलं पत्र्याखाली गेली, ‘ब’ची अर्धी रस्त्याकडे आली. पंधरा दिवस तेच धडे, तेच शिक्षक, आणि मला सक्त ताकीद की दोन्हीकडे घड्याळ लावून पाऊण तास शिकवायचं. मग सगळ्यांना एकच पेपर. उत्तरपत्रिकांवर नाव नाही, फक्त आकडा. आकड्यांची यादी हेडमास्तरांच्या कपाटात.

चौथ्या दिवशी शाळेत वादळ आलं. पथारीचे मालक शेठ समितीचे सभासद होते, आणि त्यांचा मुलगा ‘अ’ तुकडीत होता. चिठ्ठीने त्याला पत्र्याखाली पाठवलं होतं. शेठ दारातच गरजले, “मन्हा पोऱ्याना डोळा काब्र लाल शेतस? काय करी ऱ्हायनात तुम्ही त्याले?”

सरांनी त्यांना आदराने मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि तास सुरू केला. शेठ जन्मभर मिरचीत वाढलेले. पण मिरचीत फिरणं वेगळं आणि मिरचीत बसून वर्गमूळ काढणं वेगळं. थोड्या वेळाने उपरण्याने डोळे टिपत ते बाहेर आले आणि म्हणाले, “आठे पोरे शिकतस?”

“शेठ,” सर म्हणाले, “तुम्ही बाजारात पोतं घेताना मी तासभर उभा राहून पाहिलंय. वरची मिरची कधी बघत नाही तुम्ही. हात पार पोटात घालता, तळातून काढता, मोडून बघता.”

“वरनी मिर्ची देखीसन कोन सौदा करस?”

“समितीने या मुलांचा सौदा तसाच केलाय.”

शेठनी उपरणं पुन्हा डोळ्यांना लावलं. मग म्हणाले, “व्हऊ द्या तुमनं पुरं. मन्हा पोऱ्याले काढू नका.” मला त्यांचं तेव्हापासून फार कौतुक वाटतं.

पेपर तपासून झाले, कपाट उघडलं, आकड्यांपुढे नावं लागली. मागच्या खोलीत बसलेले सगळे खाली होते, ‘अ’चेही आणि ‘ब’चेही. पुढच्या खोलीतली ‘अ’ची मुलं होती तिथेच होती आणि ‘ब’ची वर आली होती. मी टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या नाहीत. ते जरा अवघडून उभे होते, आणि हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

“बाई, एक गोष्ट राहिलीय. तुमच्याबद्दल आहे.”

त्यांनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक वेस्ताचा जुना निबंध, ‘माझा आवडता सण’. पाड्यावरची माणसं होळीसाठी पहाटेपर्यंत कशी चालत जातात, अंगावर राखेचे ठिपके कसे काढतात, ते त्याने लिहिलं होतं. त्यावर माझ्या लाल पेन्सिलीने वीसपैकी सहा. खाली शेरा, ‘भाषा कच्ची. विचार नाहीत.’ दुसरा कागद अलीकडच्या गठ्ठ्यातला, वर फक्त आकडा, नानांच्या हस्ताक्षरात. त्यावरही माझीच पेन्सिल. वीसपैकी चौदा. शेरा, ‘भाषेकडे लक्ष द्या. पण काय डोळस लिहिलंय!’

तो एकच निबंध होता. शब्दाला शब्द. नानांकडून नक्कल करवून सरांनी तो माझ्या गठ्ठ्यात सरकवला होता. पंचवीस-तीस निबंधांच्या खाली तो पहिला मी कधीच विसरून गेले होते.

मी दोन्ही कागद उलटे टाकले. “तुम्ही माझ्यावर प्रयोग केलात? मला न विचारता?”

“हो,” ते म्हणाले. “चुकलं असेल. पण आधी माझ्यावर केला.” आणि त्यांनी खिशातून गणिताचे दोन कागद काढले. त्यातही तेच. एकाच चुकलेल्या रीतीला ‘अ’च्या मुलाला अर्धे गुण आणि ‘ब’च्या मुलाला भोपळा. “मी तुमच्यापेक्षा वाईट निघालो, बाई. गणितात तरी भाषेची सबब नाही.”

मी घरी आले आणि दार लावून बसले. सरांनी निक्षून सांगितलं होतं, हे समितीपुढे ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मिरचीचा भाग तेवढ्यावर उभा राहील. पण मला माहीत होतं, तो तेवढ्यावर उभा राहणार नव्हता. दिवाळीच्या आधी, हवा स्वच्छ असतानाही, ‘ब’ तुकडी थोडी मागेच होती. समितीतलं कुणीतरी तेवढंच धरून बसणार. ती थोडी मिरची माझ्या पेन्सिलीत होती. मला नोकरीची काळजी वाटली, लाज वाटली आणि खरं सांगायचं तर सरांना दोन शिव्याही द्याव्याशा वाटल्या. त्याच संध्याकाळी वेस्ता वसतिगृहाच्या ओट्यावर पत्र्याची पेटी उघडून वह्या आवरताना दिसला होता. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, “होळीले घर जासू, बाई. मंग आठे कोन येस?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर बरं झालं असतं.

समितीच्या बैठकीत सरांनी अहवाल वाचला. त्यात ‘प्रयोगकर्त्याचे दोष’ असं एक कलम होतं आणि त्याखाली पहिला शब्द होता ‘तपकीर’. सगळे हसले. मग एक सभासद म्हणालेच, “पण ही पोरं दिवाळीआधीही मागेच होती ना?”

मी उठले. दोन्ही निबंधांचे गुण वाचले, दोन्ही शेरे वाचले आणि म्हणाले, “तो निबंध एकच आहे, आणि तपासणारी मी एकच आहे. मुलगा कच्चा नव्हता. मी नाव वाचून गुण देत होते.” सर लगेच उठून आपल्या गणिताचं सांगू लागले, इतक्या उत्साहाने, की जणू बक्षीस मिळालंय. शेठनी टेबलावर हात आपटला. “बस व्हयनं. तुकडी बंद करानी नही. पथारी मी गावना बाहेर लई जासू. आनि पेपरवर नाव लिखानंच नही.” हेडमास्तरांनी टोपी काढून घाम पुसला आणि ‘शिस्त’ या शब्दाने आभाराचं भाषण सुरू केलं.

मुलं होळीला गावी गेली. परत यायच्या दिवशी सर सकाळपासून शाळेच्या फाटकात उभे. मी विचारलं, “निर्णय तर झाला, आता काय?”

“मुलं येतील, कशावरून?” ते म्हणाले. डावा खिसा भरलेला होता. ‘ब’ तुकडीचं एक एक पोर फाटकातून आत आलं की एक एक हरभरा उजव्या खिशात. दुपारपर्यंत डाव्या खिशात एकच उरला. वेस्ताचा. जेवायची सुट्टी झाली, संपली. वहिनींनी डबा पाठवला तो तसाच पडला. प्रकाशा गावाकडून येणारी एस.टी. आली आणि रिकामी गेली. सर तो एक हरभरा खिशातल्या खिशात चाचपत होते. मी आत जायला वळले तेवढ्यात नाना ओरडले, “उना! उना!”

वेस्ता रस्त्याच्या कडेने चालत येत होता. एस.टी. चुकली म्हणून अर्धी वाट तुडवत आला होता. खांद्यावर पेटी, आणि मानेवर, हातांवर होळीचे राखेचे ठिपके अजून पुसले न गेलेले. फाटकात येऊन त्याने पेटी खाली ठेवली आणि घाबरून म्हणाला, “सर, उशीर व्हयना.”

सरांनी शेवटचा हरभरा उजव्या खिशात टाकला. मग खिशात हात घालून सगळे हरभरे बाहेर काढले आणि तिथेच, रस्त्यात, आम्हा सगळ्यांना वाटले. वेस्ताला मूठभर, नानांना, मला. त्या माणसाने माहिती वाटून खाल्लेली मी तेवढी एकदाच पाहिली.

मग त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. पुसले, पुन्हा पुसले.

“काय झालं, सर?” मी विचारलं.

“मिरची,” ते म्हणाले.

पथारी गावाबाहेर जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते, आणि त्यांचं नाक तर तपकिरीने केव्हाच मेलेलं. पण ‘कशावरून?’ असं मी त्यांना विचारलं नाही.